उताऱ्यावरची आत्या

कौसाआत्याला बसलेलं मी एकदाच पाहिलं, तेही फोटोत. आमच्या खरेदीखताच्या मागच्या पानावर तिचा अंगठा आहे आणि अंगठ्याशेजारी फोटो. रजिस्ट्री ऑफिसातल्या कॅमेऱ्यासमोर स्टुलावर बसल्याशिवाय फोटो निघत नाही, म्हणून ती बसली होती. चेहरा असा, की कुणीतरी धरून बसवलंय आणि हात सोडला की ही पळणार. हात सोडला आणि ती पळालीच. पुढची बावीस वर्षं ती आमच्या सगळ्यांच्या घरांतून पळत राहिली, आणि थांबली तरी उभ्यानंच थांबली.

आमच्याकडे आली की एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, खांदा चौकटीला. आई खुर्ची सरकवायची. आत्या म्हणायची, "नगं वैनी, बसलं की लागतं." हे वाक्य खव्याच्या भट्टीवरचं. येरमाळ्याच्या रस्त्यावर एका भट्टीत ती खवा आटवायला होती. कढईतलं दूध घट्ट व्हायला लागलं की लांब दांड्याचं उलथनं क्षणभरही थांबवता येत नाही. आटवणारा टेकला की दूध तळाला लागलं, आणि लागलेल्या खव्याला बाजारात कुणी हात लावत नाही. सकाळपासून दुपारपर्यंत उभ्यानं ढवळायची सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती, की आमच्या दारात चहा पितानाही तिचा उजवा हात हवेत सावकाश गोल फिरत असे. माझी बायको लग्न होऊन नवी आली तेव्हा तिला वाटलं, ही बाई आपल्यावरून काहीतरी ओवाळून टाकते आहे. दोन दिवस ती मला न सांगता लिंबू उशाला घेऊन झोपली.

खरं तर ती आमची आत्या नव्हती. रक्ताचं, जातीचं, गावाचं कसलंच नातं नव्हतं. ती आमच्या उताऱ्यावरची आत्या.

झालं असं. दादा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीच्या तोंडावर त्यांनी कळंबच्या हद्दीबाहेर दोन गुंठे घ्यायचं ठरवलं. मी तेव्हा नुकताच हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो होतो आणि जगातली सगळी कागदपत्रं आपल्याला कळतात अशा समजुतीत होतो, म्हणून त्यांच्याबरोबर गेलो. तिथं कळलं, की दोन गुंठ्यांची खरेदी होतच नाही. शेतजमिनीचे बारीक तुकडे पडू नयेत म्हणून सरकारनं एक माप ठरवून दिलेलं. त्याच्या खालचा तुकडा विकायला बंदी. एजंटाकडे त्यावर तोड तयार होती. दोन-दोन गुंठे घेणारी नऊ गिऱ्हाइकं त्यानं जमवली होती. नऊ जणांनी मिळून वीस गुंठ्यांचा एकच तुकडा घ्यायचा, मधून रस्ता सोडायचा, आणि सातबाऱ्यावर नऊ नावं सामाईक. "कायद्याला एकच तुकडा दिसला पायजे," तो म्हणाला. "आतमधी कोन कुठं ऱ्हातंय ते तुमचं तुमी बघा."

कायद्याला मी नावं ठेवत नाही. बैल वळवायला जागा उरू नये इतकी शेतं चिरली जाऊ नयेत, हा त्यातला विचार कुणालाही पटेल. फक्त आमच्या वीस गुंठ्यांत बैल नव्हता. चार हद्दीचे दगड, एक कडुनिंब आणि एकमेकांकडे चोरून बघणारी नऊ माणसं होती. बेंबळीचे किराणा दुकानदार शरणप्पा अण्णा होते; पोरांना कळंबच्या शाळेत घालायचं त्यांच्या मनात होतं. परंड्याचा टेम्पोवाला बाबूभाई होता; तो आमच्या बाजारपेठेतून भुसार माल न्यायचा. आणि नवऱ्यानं टाकलेली कौसाआत्या होती. आईनं मरताना दिलेलं सोनं मोडून ती आली होती. रजिस्ट्री ऑफिसात साहेबांनी नऊ नावं वाचली, नऊ अंगठे झाले. बाहेर आल्यावर सगळे आपापल्या वाटेला लागणार, तेवढ्यात आत्यानं पदर खोचला आणि विचारलं, "म्हंजी आता आपुन भावकी झालो म्हना की!"

सगळे हसले. ती हसली नव्हती.

भावकी तिनं निभावली. होळी झाली की पहिल्या रविवारी ती सातबाऱ्याचा नवा उतारा काढून आणायची आणि नऊ जणांना कडुनिंबाखाली बोलवायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून उतारा मी वाचायचो. मी मास्तर असल्याचा त्या जागेला तेवढाच उपयोग झाला. नाव घेतलं की त्या माणसानं "हाय" म्हणायचं. याला ती हजेरी म्हणायची. हजेरी झाली की पेढे. आमच्याकडच्या कागदांत बाईच्या नावापुढं 'भ्र.' लिहितात, म्हणजे भ्रतार. त्यामुळं तिचं नाव यायचं 'कौसाबाई भ्र. धोंडिबा'. हा धोंडिबा दुसरं लग्न करून सोलापूरकडं गेला तो गेलाच. मी दर वर्षी चाचरत ते नाव वाचायचो आणि दर वर्षी ती खणखणीत आवाजात म्हणायची, "म्या हाय. त्यो न्हाय. फुडं वाचा!"

जो यायचा नाही त्याच्या घरी ती पुढच्या आठवड्यात एसटीनं जायची, पावशेर पेढे घेऊन. अण्णा दोन वर्षांतच कंटाळले. पोरं लातूरला शिकायला गेली आणि कळंबच्या जागेतून त्यांचं मन उडालं. "अवं कौसाबाई," ते म्हणाले, "उतारा काय पळून चाललाय का?"

"उतारा न्हाय पळत, अण्णा. मानसं पळत्यात."

हे ती उगाच म्हणत नव्हती. एक जण वारला आणि त्याच्या एका नावाच्या जागी पाच नावं आली. दुसरा गेला, त्याची चार आली. नऊची तेरा नावं झाली, मग सोळा. तुकडे पडू नयेत म्हणून केलेल्या कायद्यानं आमच्या जमिनीचे तुकडे पडू दिले नाहीत हे खरं. नावांचे मात्र पडत गेले. कुणी आजारी आहे असं कळलं की आत्या बेचैन व्हायची. माणसाची काळजी तिला वाटायचीच, पण मागं किती वारस आहेत तेही ती हळूच विचारून घ्यायची.

कारण सगळ्यांच्या सह्यांशिवाय त्या उताऱ्यावर काहीच हलत नव्हतं. मी घरासाठी कर्ज मागायला बँकेत गेलो तेव्हा साहेबांनी उतारा उलटसुलट करून विचारलं, "यात तुमचे दोन गुंठे नेमके कोणते?"

"कडुनिंबाच्या पूर्वेकडचे," मी म्हणालो.

"कडुनिंब उताऱ्यावर आहे का?"

कडुनिंब उताऱ्यावर नव्हता. मी भाड्याच्या घरात परत आलो आणि कायद्यातल्या विसंगतींवर बायकोला तासभर व्याख्यान दिलं. ती पालक निवडत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे घर नाही. एवढंच ना?"

माझं घर अडलं, कौसाआत्याची भट्टी अडली. आपल्या दोन गुंठ्यांत तिनं पत्र्याची खोली बांधली होती आणि खोलीपुढची जागा वर्षानुवर्षं शेणानं सारवून मोकळी ठेवली होती. तिथं तिची स्वतःची खव्याची भट्टी व्हायची होती. "दुसऱ्याची कढई किती दिस हालवायची, मास्तर? हात माझा आन खवा त्येचा." मग एका सरकारी योजनेचं तिच्या कानावर आलं. खवा आटवायचं मशीन अनुदानावर मिळणार होतं. अट एकच, जागा अर्जदाराच्या नावावर हवी. जागा सामाईक असेल तर उताऱ्यावरच्या प्रत्येकाचं संमतीपत्र.

त्या वर्षी तिचे पाय जमिनीला लागले नाहीत. सकाळी भट्टी, दुपारी एसटी. बेंबळीत अण्णा म्हणाले, "पोराला इचारून सांगतो." ती दुकानात उभी राहिली. संध्याकाळी शेवटच्या गाडीनं परत गेली, दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा उभी. त्या दुपारी गिऱ्हाइकं तिच्याकडंच साखर मागायला लागली आणि ती पुड्या बांधून द्यायला लागली. अण्णांनी हात जोडले आणि सही केली. परंड्यात बाबूभाईनं टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून सही ठोकली. "आपा, सही क्या मंगती, टेम्पो मांग ना!" म्हणाला आणि तिला स्टँडवर सोडून आला. सुरतेला गेलेल्या एका वारसाची सही तिनं त्याच्या सासूला पेढे चारून मागवली.

उरलो आम्ही. दादा वर्षापूर्वीच गेले होते आणि त्यांच्या जागी आई, लातूरची बहीण आणि मी असे तिघं उताऱ्यावर आलो होतो. आई आणि बहिणीच्या सह्या झाल्या. घरचाच माणूस म्हणून माझी सही तिनं शेवटाला ठेवली होती. तिथंच तिचं चुकलं.

मी चष्मा लावून संमतीपत्र वाचलं आणि मला सुधारणा सुचली. मला नेहमी सुधारणा सुचतात. मी म्हणालो, "आत्या, आज मशीनला संमती, उद्या विजेच्या मीटरला, परवा पाण्याला. किती वेळा हिंडणार? त्यापेक्षा नऊ उतारेच वेगळे करून घेऊ. मी अर्ज लिहितो."

"आदी सही करा मास्तर. अर्ज मागनं लिवा."

"अर्ज मंजूर झाला की सहीची गरजच उरणार नाही!"

तिनं कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. मास्तरांनी अर्ज लिहितो म्हटल्यावर बोलणार काय? माझ्या अर्जांची शाळेत ख्याती होती. छताची गळती, मैदानावरची डुकरं, काहीही असो, अर्ज माझ्याकडे यायचा. हा तर मी जीव ओतून लिहिला. चार पानं. खरेदी कोणत्या परिस्थितीत झाली, एजंटानं काय सुचवलं, आम्ही नऊ जणांनी आपसात दोन-दोन गुंठे कसे वाटून घेतले, मधला रस्ता किती फुटांचा. शेवटी रंगीत पेन्सिलींनी काढलेला नकाशा, त्यात कडुनिंबसुद्धा हिरवा. इतकं निर्दोष गद्य मी आयुष्यात पुन्हा लिहिलं नाही. तहसील ऑफिसातल्या साहेबांनी चारही पानं शांतपणे वाचली. "अक्षर मोत्यासारखं आहे, मास्तर," म्हणाले आणि अर्ज ठेवून घेतला.

दोन महिन्यांनी आत्यानं काढलेल्या उताऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात एक नवी ओळ होती. हा व्यवहार तुकडेबंदी कायद्याच्या विरुद्ध झालेला आहे, अशा अर्थाची. साहेबांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. इतकी वर्षं जे कुणी विचारलं नव्हतं ते मी चार पानांत, नकाशासकट, सहीनिशी कळवलं होतं. त्या ओळीमुळं जागा विकता येईना, तारण ठेवता येईना. योजनेच्या ऑफिसातून आत्याची फाइल संमतीपत्रांच्या गठ्ठ्यासह परत आली.

त्या संध्याकाळी ती दारात उभी राहिली. मी पेपर वाचत खुर्चीत बसलो होतो. तिचा उजवा हात हलत नव्हता. तो तसा नुसता लोंबताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी लिवलं ते खरंच लिवलं. पर समदं कशापायी लिवलं?"

मी पेपरची घडी घालत राहिलो. थोड्या वेळानं तिचा हात पुन्हा फिरायला लागला. "चला, जाती. बसलं की लागतं," म्हणाली आणि गेली. बसलेला मी होतो.

पुढच्या हजेरीला कधी नव्हे ते सगळे आले. पेढ्यांसाठी नव्हे, मला बघायला. अण्णा बेंबळीहून जीप करून आले होते. मुलाच्या दुकानासाठी ती जागा सावकाराकडं तारण ठेवायचं त्यांचं चाललं होतं, ते बारगळलं होतं. "या मास्तरला उताऱ्यावरनं काढता येतंय का तेवढं बघा आदी!" ते ओरडले. मी कडुनिंबाच्या बुंध्याकडं बघत उभा. आत्या पेढ्यांचा पुडा सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "काढता यीना म्हनून तर भावकी हाय, अण्णा." मग उतारा माझ्या हातात देऊन, "वाचा मास्तर. मोठ्यानं."

मी वाचला. माझं नाव आलं तेव्हा माझं मीच "हाय" म्हणालो. दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

नंतरही ती दुसऱ्याचीच कढई हलवत राहिली. गुडघे सुजले, तरी उभीच. भावाची मुलगी सुवर्णा बारावी होऊन तिच्याकडं राहायला आली आणि तीही भट्टीवर जायला लागली. संमतीपत्रांचा गठ्ठा आत्यानं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. त्यात एकच कागद सहीशिवायचा होता. तो तिनं पुन्हा कधी माझ्यापुढं आणला नाही. मीही मागितला नाही, हे मी इथं लिहून ठेवतो.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात तिला दवाखान्यात ठेवलं. छातीत पाणी झालं होतं. नर्स उशी लावून बसवायला बघायची, ती घसरून आडवी व्हायची. मी भेटायला गेलो तेव्हा स्टूल असूनही उभाच राहिलो. तिनं विचारलं, "हजेरी कवा हाय?"

"होळी होऊ द्या. अजून दीड महिना आहे."

"बेंबळीला आदी जावा. अण्णा आपुनहून येत न्हाय." मग जरा थांबून, "सुवर्णाच्या नावानं कागद केलाय म्या. वकिलाकडनं. तुमाला त्रास दिला न्हाय." वाक्य साधं होतं, पण मी त्याच्यापुढं फार वेळ टिकलो नाही. औषधं आणतो म्हणून बाहेर पडलो.

होळी यायच्या आत ती गेली. त्या वर्षी हजेरी झाली नाही.

आणि मग बंदी सैल झाली. शहरालगतचे जुने, लहान तुकडे नियमित करून मिळतील अशी बातमी पेपरात आली. मी ती तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा उठून अंगणात फेऱ्या मारल्या. बायको म्हणाली, "आता तुम्ही काही लिहू नका." पण अर्ज तर करावाच लागणार होता. सगळ्यांच्या वतीनं मी लिहिला. या खेपेला तीन ओळींत. सुवर्णानं तो उभ्या उभ्या वाचला, माझ्या हातातून पेन घेतलं आणि मधली ओळ खोडून टाकली.

मोजणी झाली. नऊ हिस्से पडले, नऊ उतारे आले. आत्याचा उतारा आणायला सुवर्णाबरोबर मी गेलो. जो कागद मिळावा म्हणून ती बावीस वर्षं उभी राहिली तो अर्ध्या मिनिटात प्रिंटरमधून बाहेर आला, आणि एकटीच्या नावाचा म्हणता म्हणता त्यावरही धोंडिबा सोबत आलाच. मी सवयीनं मोठ्यानं वाचून गेलो, "कौसाबाई भ्र. धोंडिबा, मयत..."

"आता दोगंबी न्हाईत," सुवर्णा म्हणाली. "फुडं वाचा."

पुढं सुवर्णाचंच नाव होतं. ते वाचल्यावर ती हळूच म्हणाली, "हाय."

सारवलेल्या जागेवर आता शेड आहे. योजनेतलं मशीन आलं. कढईत मोटरवर फिरणारं पातं आहे, ते आपसूक ढवळतं. शेजारी प्लास्टिकची खुर्ची आहे आणि सुवर्णा तिच्यात बसून मोबाइलवर ऑर्डरी घेते. खवा लागत नाही. आमच्यातल्या तिघांनी जागा विकल्या, चांगल्या भावानं विकल्या. कडुनिंब ज्याच्या हिश्शात आला त्यानं तो पाडला. मी पुन्हा बँकेत गेलो. या खेपेला जागेबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. निवृत्तीला किती वर्षं राहिली एवढंच विचारलं, आणि त्या उत्तरावर बसणारं कर्ज दिलं. दोन खोल्यांचं घर होईल त्यात. आता कुणाला कुणाची सही लागत नाही. सगळे सुटे झालो.

परवा होळी झाली. रविवारी सकाळी चहाला बसलो आणि बसवेना. उठलो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. बायको म्हणाली, "काय होतंय तुम्हाला?" काय होतंय ते मलाच कळत नव्हतं. मोटरसायकल काढली, सुवर्णाकडून पावशेर-पावशेर पेढ्यांचे पुडे बांधून घेतले आणि दुपारी बेंबळीत अण्णांच्या दुकानासमोर उतरलो.

अण्णा आता थकलेत. गल्ल्यावर मुलगा असतो, ते नुसते बसून असतात. मला बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय मास्तर, आनखी कशावर सही ऱ्हायली का?"

"नाही अण्णा. सगळ्या सह्या झाल्या."

"मग?"

मी पेढे पुढं केले. "हजेरी."

अण्णांनी पुडा हातात घेतला, सुतळी सोडली, पुन्हा बांधली. 

"हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी मुलाला खुर्ची आणायला सांगितली. "बसा की मास्तर. लांबनं आलाव, च्या घ्या."

माझा एक पाय दुकानात होता, एक बाहेर. खांदा चौकटीला.

"नको अण्णा," मी म्हणालो, "अजून परंडा राहिलंय."